धाकटी बोर्डिंगला गेली

आमच्या डहाणू-तलासरीकडे बोर्डिंग म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलांनी घर सोडून राहायची आणि शिकायची जागा म्हणजे बोर्डिंग. कागदावर तिला वसतिगृह म्हणा नाहीतर आश्रमशाळा, पाड्यावर ते बोर्डिंगच. पोर हुशार निघालं तर लोक म्हणतात, बोर्डिंगला टाका. पोर वांड निघालं तरी म्हणतात, बोर्डिंगला टाका. त्यामुळे आपल्याला नेमकं कशापायी टाकलं, हे पोरांना मोठेपणीसुद्धा नीट कळत नाही.

मी वेवजीची. पहिलीपासून तलासरीच्या बोर्डिंगात वाढले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी पदवी घेतली, शिक्षिका झाले, डहाणूला संसार थाटला, ते सगळं त्या बोर्डिंगमुळे. हे मी विसरत नाही आणि माझ्या दोन मुलींनाही विसरू देत नाही. ताटात कुणी भाजी टाकली, अंथरूण तसंच ठेवलं, की माझं सुरू होतं: आम्ही बोर्डिंगात अंधारात उठायचो, थंड पाण्याने अंघोळ करायचो, जेवणाआधी हात जोडून प्रार्थना म्हणायचो, आपलं ताट आपण घासायचो, दुधीची पाणीदार भाजी निमूट खायचो, आणि मी तर पहिल्या दिवशी रडलेसुद्धा नाही. शेवटचं वाक्य मी जरा मान ताठ करून म्हणत असे. मुलींना हे सगळं पाठ होतं. या गोष्टी ऐकून त्यांना प्रेरणा मिळते, अशी माझी समजूत होती.

नोटबंदीनंतरच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. भाऊ विशाखापट्टणमला नोकरीला. मी एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं आणि त्याबद्दल पाठीत धपके खायचा मानही तिचाच. भावाने फोनवर बजावलं होतं की, ताई, तू आलीस तरच बारसं, नाहीतर पोरगा बिननावाचा राहील. येताना चिंचणीचे सुके बोंबील आण, हेही त्याच दमात. मिस्टरांनी बरंच शोधून विमानाची तिकिटं काढली. सकाळी मुंबईहून हैदराबाद आणि तिथून पुढचं विमान थेट संध्याकाळी. मधला सगळा दिवस विमानतळावर काढायचा. तिकीट स्वस्त का होतं, ते तेव्हा कळलं.

मिस्टर वाणगावचे. ऑफिसच्या कामासाठी एकदा विमानात बसून आलेले, म्हणून आमच्यात तेच जाणकार. हैदराबादला उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि सांगितलं, “हे आपलं डहाणू स्टेशनच समज. फक्त पुसलेलं.”

थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. पहाटे मुंबईत धाकटी बाबांच्या खांद्यावर झोपली होती ती हैदराबादलाच जागी झाली, त्यामुळे विमानात चढणं वगैरे तिने काही पाहिलंच नव्हतं. आता दिवसभर मुलींना गुंतवायचं कसं, म्हणून मिस्टरांनी पहिली युक्ती काढली. पुढच्या विमानाचे चारही बोर्डिंग पास खिशातून काढले आणि ज्याचा त्याला वाटले. धाकटीच्या हातात तिचा पास देताना ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, “हा तुझा. बोर्डिंग पास.”

“म्हणजे ती पास झाली?” थोरलीने विचारलं.

“झाली ना. संध्याकाळी जायचं.”

धाकटीने तो पास दोन्ही हातांनी धरला आणि ती माझ्या मागे सरकली.

इथेच सांगून टाकते. त्या क्षणापासून आमची धाकटी असं समजून चालली होती की, संध्याकाळी आम्ही तिला बोर्डिंगला टाकणार आहोत. बारसं, मामा, बोंबील हे सगळं सोंग आहे आणि ही मोठी चकचकीत इमारत म्हणजे बोर्डिंगला जायची वाट. तिने हे मला पुढे घरी गेल्यावर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्या दिवशी मात्र आम्हा दोघांना याचा पत्ता नव्हता. आम्ही मुलींचा दिवस मजेत जावा म्हणून झटत होतो.

पहिला प्रश्न बसायचा होता. गर्दी बरीच होती, पण तो प्रश्न बोंबलांनी सोडवला. सात पिशव्यांत बांधूनही त्यांचा दरवळ लपत नव्हता. तपासणीच्या ठिकाणीसुद्धा जवानाने बॅग उघडायला लावली होती, एकदा वाकून वास घेतला होता आणि पुढचं काही न विचारता स्वतःच चेन लावून दिली होती. आम्ही बसलो तशी शेजारचे गृहस्थ उठून फोनवर बोलायला गेले ते परतले नाहीत. मग त्यांच्या पलीकडचं जोडपं गेलं. थोड्याच वेळात खुर्च्यांची अख्खी रांग आमची झाली. मिस्टरांनी बूट काढून पाय पसरले. “भावाला सांग, बोंबील पोचले पण बसून आले.”

मी शिक्षिका असल्याने वेळ सत्कारणी लावायचा बेत घरूनच करून आले होते. खिडकीतून विमानं मोजायची, ती कुठल्या रंगाची ते सांगायचं, पाट्यांवरची अक्षरं वाचायची. थोरलीला पाट्यांचं वेड लागलं. कुठलं विमान कुठे निघालं ते दाखवणारा मोठा फलक समोरच होता. नुकतीच ती इंग्रजी वाचायला लागली होती, आणि वाचलेलं सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे असं तिला वाटायचं. ती खुर्चीवर उभी राहून बातम्या दिल्यासारखी वाचू लागली.

“चेन्नई, बोर्डिंग. नागपूर, बोर्डिंग. बेंगळुरू, बोर्डिंग.”

दर वेळी धाकटी दचकून खुर्चीचा दांडा घट्ट धरायची आणि पाय जवळ ओढून घ्यायची. मला वाटलं, शूला लागली आहे. मी तिला उचलून बाथरूमकडे पळायचे. होत काहीच नसे. आम्ही परत येऊन बसतो न बसतो तोच थोरली ओरडायची, “कोची, बोर्डिंग,” आणि धाकटी पुन्हा दांडा पकडायची, की मी पुन्हा पळायचे. त्या सकाळी मी विमानतळाचा बाकी काही भाग पाहिला नसेल, पण बाथरूमची वाट मला आजही डोळे मिटून सापडेल. तिथल्या साफसफाईच्या बाईंनी शेवटी मला हिंदीत विचारलं की, डॉक्टरला दाखवलं का.

मधल्या वेळात मिस्टर थोरलीला घेऊन सरकत्या जिन्यावर फेऱ्या मारत होते. डहाणूत तेव्हा सरकता जिना कुठे बघायला मिळणार. धाकटीला बोलावलं तर ती नको म्हणाली आणि माझ्याजवळ बसून राहिली. तिने माझी ओढणी धरली होती. समोरच्या दारापाशी लोक रांग लावत होते. एक बाई तान्हं बाळ घेऊन चालली होती.

“आई, एवढ्या लहान बाळाला पण बोर्डिंगला नेतात?” धाकटीने विचारलं.

पोरीने नवा शब्द किती लवकर उचलला, म्हणून मला बरं वाटलं. “नेतात की,” मी म्हटलं.

“रडत नाही ते?”

“थोडा वेळ रडतं. मग झोपतं.”

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीवरून एका आजोबांना त्याच दाराकडे नेलं. “आजोबा पण?”

“त्यांना तर सगळ्यांच्या आधी. म्हातारी माणसं आणि लहान मुलं, यांना पहिलं घेतात.”

मी इतकं सविस्तर सांगितलं, कारण मुलांच्या प्रश्नांना नेहमी खरी उत्तरं द्यावीत, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

त्यानंतर धाकटी एकदम शहाणी झाली. इतकी की, आमचा विश्वास बसेना. दुपारी इडल्या घेतल्या तर तिने हात जोडून डोळे मिटले, पुटपुटून काहीतरी म्हटलं आणि मग खायला लागली. चटणी तिखट असूनही हूं की चूं नाही. खाणं झाल्यावर ती गायब. शोधत गेले तर बाथरूममध्ये बेसिनपाशी चवड्यांवर उभी राहून कागदी प्लेट घासत होती. प्लेटचा लगदा झाला होता. साफसफाईच्या त्याच बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, जणू आता त्यांना आजार नेमका कळला होता.

परत आल्यावर धाकटीने आपला स्वेटर उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. स्वेटर उन्हाळ्यात का आणला होता, तर विमानात थंडी असते असं मिस्टरांनी सांगितलं होतं म्हणून. मग तिने केसातली फुलपाखराची क्लिप काढून थोरलीला दिली. ही क्लिप म्हणजे दोघींच्यातलं काश्मीर. तिच्यावरून घरात रोज लढाई.

“कायमची?” थोरलीने संशयाने विचारलं.

“हो. तिकडे चालत नाही.”

धाकटी मन बदलेल या भीतीने थोरलीने क्लिप लगेच केसांत खोचली.

मिस्टर भारावले. मला बाजूला घेऊन म्हणाले की, हा विमानतळाचा गुण आहे, स्वच्छ जागी मुलं आपोआप वळण घेतात, दर महिन्याला तिला इथे आणायला हवं. आणि बक्षीस म्हणून ते तिच्यासाठी आइसक्रीम घेऊन आले. तिला आवडतं ते, वरून चॉकलेट ओतलेलं. घरी आम्ही असलं काही न मागता देत नाही. धाकटीने आइसक्रीमकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत ते खायला लागली. रडत होती, पण खायची थांबत नव्हती. शेवटपर्यंत खाल्लं, काडीसुद्धा चोखली.

“थंड लागलं असेल दाताला,” मिस्टर म्हणाले.

दुपार कलली. आमच्या रांगेत अजूनही आम्हीच. मिस्टर घोरू लागले. मी थोरलीला विशाखापट्टणमचं स्पेलिंग लिहायला बसवलं. त्यात वेळ छान गेला, कारण ते मलाही येत नव्हतं. शेवटी थोरली खुर्चीवर चढली आणि तिने दिवसातली सगळ्यात मोठी बातमी दिली.

“विशाखापट्टणम, बोर्डिंग. बाबा, उठा. आपलं आलं.”

मिस्टर धडपडून उठले, बूट शोधायला लागले. मी पिशव्या उचलल्या. सगळ्यांचे पास हातात घेतले तर तीनच. धाकटीचा पास कुठे आहे म्हणून विचारायला वळले तर धाकटीही नव्हती. मग खुर्च्यांच्या खालून तिचे मोजे दिसले. ती शेवटच्या खुर्चीखाली शिरून, तिच्या लोखंडी पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती.

मी वाकून तिला बाहेर यायला सांगितलं. मिस्टरांनी चॉकलेट देतो म्हटलं. चॉकलेटचं नाव काढताच तिने मिठी आणखी घट्ट केली. पास कुठे ठेवलास म्हणून विचारलं तर तिने बोंबलांच्या बॅगेकडे बोट दाखवलं. मिस्टर एकेक पिशवी सोडायला लागले तसा पलीकडच्या रांगेतही उठून जाण्याचा कार्यक्रम सुरू झाला. समोर दारापाशी गणवेशातली मुलगी नावं पुकारायला लागली होती. विमान चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी बारशाला आत्या नाही, आणि ही पोर तर लोखंडाला चिकटलेली.

मी जरा कडक आवाजात म्हटलं, “बाहेर ये बघू. सगळे निघाले बोर्डिंगला.”

तेव्हा ती बोलली. “मला पास नको. मला नापास कर.”

आठवीपर्यंत कुणालाही नापास करता येत नाही, असा तेव्हा नियमच होता, आणि मी सरकारी शाळेतली शिक्षिका. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

“मी दुधी खाईन,” ती खुर्चीखालून म्हणाली. “घरीच खाईन. ताट पण घासीन. मला बोर्डिंगला नको टाकू.”

सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात एकदम उलटं फिरलं. बाथरूमच्या फेऱ्या, तान्हं बाळ, आजोबा, क्लिप, आइसक्रीम. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं, त्यामुळे तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून मिस्टरांनी बोंबलांतून मान वर केली. मी त्या चकचकीत फरशीवर पालथी झोपले आणि डोकं खुर्चीखाली घातलं. आता आम्ही दोघी समोरासमोर.

विमानात चढण्यालाही बोर्डिंग म्हणतात, असं मी समजावलं. तिला ते पटलं नाही. मोठी माणसं पोरांना नेताना असंच काहीतरी सांगतात, हे तिला माहीत होतं. जत्रेला नेतो म्हणून नेतात. मलाही तसंच नेलं होतं, आणि ही गोष्ट तिला मीच सांगितलेली. तिने एकच विचारलं.

“तू खरंच नाही रडलीस? पहिल्या दिवशी?”

मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीत, हे प्रशिक्षण पुन्हा आडवं आलं.

“रडले होते,” मी म्हटलं. “पण कुणाला दिसू नये म्हणून पेटीत तोंड घालून रडले.”

“कसल्या पेटीत?”

“पत्र्याच्या. कपड्यांच्या. सगळ्या मुली झोपल्यावर झाकण उघडलं आणि आत तोंड घातलं. तर ते झाकण पडलं माझ्या डोक्यावर. धाडकन आवाज झाला. रेक्टरबाई कंदील घेऊन आल्या आणि बघतात तर एक पोर अर्धी पेटीत, पाय बाहेर.”

धाकटीच्या तोंडाचा आ झाला. मग ती खुदकन हसली. “पाय बाहेर?”

“आता माझे आहेत ना, तसेच.”

तिने वाकून माझ्या पायांकडे पाहिलं. खुर्चीच्या बाहेर आडवे पसरलेले माझे पाय, एक चप्पल निघालेली, आणि त्यांना वळसा घालून जाणारे प्रवासी. तिला ते फार पटलं. लोखंडाची मिठी सुटली. तेवढ्यात मिस्टरांना पास सापडला, तो त्यांनी रुमालाने पुसला आणि खाली वाकून म्हणाले, “हे बघ, चौघांचेही पास. मला पण टाकणारेत.”

“बाबांना ताट घासायला लागेल?”

“लागेल,” मी म्हटलं.

ती बाहेर आली.

दारावरच्या मुलीने धाकटीचा पास हातात घेतला, नाकाशी नेला, आणि दोन बोटांत धरून मशीनला लावला. मशीनला वास येत नाही हे आमचं नशीब. विमानाच्या दाराशी साडी नेसलेली हवाई सुंदरी हात जोडून उभी होती. धाकटीने तिला नीट न्याहाळलं आणि माझा हात ओढून हळूच विचारलं की, ह्या रेक्टरबाई का. मी हो म्हटलं. मग तिनेही हात जोडून नमस्ते बाई म्हटलं आणि खिडकीची जागा पकडली. शेंगदाण्यांची पुडी मिळाली, ती पुडी तिने संपवल्यावर चार घड्या घालून ठेवली. थोरलीकडे वळून तिने क्लिप परत मागितली. इकडे चालते म्हणे. उरलेला प्रवास दोघी भांडल्या, आणि मला जिवात जीव आल्यासारखं झालं.

बारसं झालं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाधप धपके घातले, त्यात धाकटी सगळ्यात जोरात. बोंबलांची चटणी त्याच रात्री संपली.

सुट्टीच्या शेवटी आम्ही वेवजीला आईकडे गेलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती अजून विमानात बसलेली नाही आणि बसायची तिची इच्छाही नाही. धाकटीने तिला सगळं सांगितलं. मी बोर्डिंगला जाऊन आले, तिथे दुधी देत नाहीत, शेंगदाणे देतात, खिडकीत ढग असतात. आजी मान डोलावत ऐकत होती. शेजारची काकू मात्र कुंपणापलीकडून मला बोलली की, एवढीशी पोर बोर्डिंगला टाकलीस, तुला काही दयामाया. मी समजावायला गेले, पण धाकटीची गोष्ट आता पेटीपर्यंत आली होती.

“आणि आजी, आई पण रडली होती. पेटीत तोंड घालून. पाय बाहेर.”

आईचा सुपातला हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. “तू रडलीस? तू तर मागे वळून पण बघितलं नाहीस गं. ताठ चालत गेलीस.”

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

“मला वाटायचं, मीच तेवढी रडले,” आई म्हणाली. “त्या बोर्डिंगच्या फाटकापासून इथे घरापर्यंत.”

धाकटी तिच्या अगदी जवळ सरकली. तिला हे नीट समजून घ्यायचं होतं.

“तू कशात तोंड घातलंस?”

“पदरात.”

धाकटीला आजीचं फार वाईट वाटलं. तिने आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पेटी नव्हती का तुझ्याकडे?”